टीटीला वीस इंची चाकं बसवू का?

वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

"ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांचा, कासारवडवलीला राहतो. मागच्या वर्षी सेकंड हँड ऑडी टीटी घेतली, २०१६ची, क्वात्रो (चारही चाकं ओढणारी). गाडीवर १८ इंची चाकं आहेत, टायर २४५/४० आर १८. गेल्या आठवड्यात रात्रीच्या पावसात गायमुखच्या अलीकडे खड्ड्यात आदळलो आणि पुढच्या डाव्या टायरला फुगा आला. पंक्चरवाला म्हणतो, एक टायर टाका आणि मोकळे व्हा. बाकीच्या तिघांत साडेचार मिलिमीटर ट्रेड (खाचांची खोली) शिल्लक आहे. मी म्हटलं, खर्च करायचाच आहे तर हौस भागवून घेऊ. नेरुळच्या मावसभावाकडे त्याच्या बीएमडब्ल्यू ५ सिरीजवरून काढलेली २० इंची चाकं टायरसकट पडून आहेत. पुढची साडेआठ जे (म्हणजे साडेआठ इंच रुंद), ईटी ३३, टायर २४५/३५. मागची ९ जे, ईटी ४४, टायर २७५/३०. सव्वा लाखात देतोय, मी २५ हजार बयाणा दिलाय. आमच्याकडचा दुकानदार म्हणतो, अ‍ॅडॉप्टर लावून बसवून देतो, चारही चाकं ओढतात म्हटल्यावर रुंद टायरने ग्रिप डबल. बाबा म्हणतात, पैसे जास्त झालेत. बसवू का?"

अ. पां., कासारवडवली, ठाणे

प्रिय अ. पां.,

नको बसवू. का नको ते सविस्तर सांगते, पण आधी फुग्याचं बोलू. चाकांचा निर्णय महिनाभर लांबला तरी चालेल, फुग्याचा नाही. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटली की आतले दोरे तुटतात. मग तिथे हवा अडवायला नुसतं रबर उरतं आणि ते बाहेर येतं. याला पॅच नाही, व्हल्कनायझिंग नाही, 'अजून आठ दिवस काढू' तर नाहीच नाही. अजूनही त्याच टायरवर ऑफिसला जात असशील तर आजपासून बंद कर. डिकीत पंक्चर किट असेल तर त्यातल्या फेसाचाही उपयोग नाही, तो खिळ्याच्या भोकासाठी असतो. बारकी स्टेपनी असेल तर तिच्यावर ८०ची मर्यादा छापलेली असते, आणि क्वात्रोवर ती फक्त दुकानापर्यंत जाण्यापुरती. टायर उतरवला की रिकामी रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून घे आणि तिची आतली कड बघ. बाहेरून चकचकीत दिसणारी रिम आतून चेपलेली निघते, आणि मग नवा टायर टाकूनही स्टिअरिंग का थरथरतंय याचा शोध महिनाभर चालतो.

आता एकच टायर टाकण्याबद्दल. पंक्चरवाला तुला फसवत नाहीये. त्याच्याकडे दिवसभर येतात त्या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि त्यांचं एका टायरवर भागून जातं. तुझ्या गाडीची गोष्ट निराळी आहे.

टीटीत इंजिन पुढे आडवं बसवलेलं आहे. ताकद आधी पुढच्या चाकांकडे जाते. मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) तोंडाशी, तेलात बुडालेल्या क्लच प्लेट्सचा एक संच असतो, त्याला हॅल्डेक्स म्हणतात. मागे ताकद हवी असं कॉम्प्युटरने ठरवलं की छोटा पंप तेलाचा दाब वाढवतो, प्लेट्स एकमेकींवर दाबल्या जातात आणि पुढचा अ‍ॅक्सल मागच्याला जोडला जातो. नेहमीच्या वळणावर किंवा ओल्या चढावर त्या थोड्या घसरल्या तर बिघडत नाही, त्या त्यासाठीच आहेत. पण पुढच्या आणि मागच्या टायरचा घेर वेगळा असेल, तर सरळ, कोरड्या रस्त्यावरही प्लेट्सची घसट थांबत नाही. तीन पायांच्या शर्यतीत एक उंच आणि एक बुटका बांधल्यासारखं होतं: दोघंही नीटच चालतायत, काच बसतो तो बांधलेल्या पायांना. त्या घसटीतून उष्णता होते, तेल करपतं, प्लेट्स झिजतात. शिवाय कॉम्प्युटर चाकांचा वेग एबीएसच्याच सेन्सरवरून वाचतो. एक टोक कायम जास्त फिरताना दिसलं की त्याला ते टोक घसरतंय असं वाटू शकतं.

किती फरक चालतो? सुबारूचं घराणंच ऑल-व्हील-ड्राइव्हचं (आपल्याकडे तिची फॉरेस्टर एके काळी शेवरोलेच्या नावाने विकली जायची, कुणाकुणाला आठवत असेल). ती कंपनी चारही टायरच्या घेरात पाव इंचापर्यंतच फरक मानते, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर. ऑडी म्हणजे सुबारू नव्हे, हॅल्डेक्स थोडं जास्त सोसतं. पण अंदाज यायला हा आकडा बरा आहे. तुझ्या जुन्या टायरमध्ये साडेचार मिलिमीटर ट्रेड आहे, नव्यात आठ धर. फरक साडेतीन. तो व्यासात दुप्पट होतो, म्हणजे सात. घेरात त्याचे होतात २२ मिलिमीटर. दर किलोमीटरला नवा टायर जुन्यापेक्षा पाचेक फेरे कमी फिरणार.

इथे एक गंमत आहे. 'एक नको, निदान जोडी तरी बदल' हा एरवीचा शहाणा सल्ला तुझ्या गाडीत उलटा पडतो. पुढे एकच टायर नवा टाकलास तर डाव्या-उजव्या चाकातला फरक पुढचं डिफरन्शियल रिचवतं आणि हॅल्डेक्सपर्यंत त्याची सरासरी, म्हणजे निम्माच फरक पोचतो. दोन्ही पुढचे नवे टाकलेस तर अख्खा फरक पोचतो. तेव्हा चारही टाक. एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे. उरलेले तीन अर्धे टायर पुढे-मागे दोन माप लावणाऱ्या कुणा मर्सिडीजवाल्याला मागच्या चाकांसाठी लागू पडतील. २४५/४० आर १८ हे चालणारं माप आहे. मित्सुबिशीच्या इव्हो टेनला कंपनीतून हेच माप यायचं.

आता मावसभावाची चाकं. देखणी असणार यात शंका नाही, बीएमडब्ल्यूला चाकं जमतात. पण तू आकडे लिहून पाठवलेस हे फार बरं केलंस, कारण त्यांनीच उत्तर दिलंय.

पहिलं, ती तुझ्या हबवर, म्हणजे चाक ज्याला बोल्टने आवळतात त्या मधल्या भागावर, बसतच नाहीत. तुझ्या टीटीचं पीसीडी (बोल्ट किती, आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) ५×११२, हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर. भावाची चाकं मापांवरून जुन्या पिढीच्या ५ सिरीजची दिसतात, तिचं ५×१२० आणि ७२.६. म्हणजे प्रत्येक बोल्ट चार मिलिमीटर बाजूला, आणि मधलं भोक साडेपंधरा मिलिमीटरने मोठं. म्हणून दुकानदार अ‍ॅडॉप्टरवर आला. अ‍ॅडॉप्टर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती: एका बाजूने तुझ्या हबला बोल्ट, दुसऱ्या बाजूने चाक तिला बोल्ट. ही चकती २० मिलिमीटर जाडीची धरू, फार बारीक करून चालत नाही, बोल्टच्या डोक्यांना जागा लागते.

आता ईटी बघ. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी पाठ यांच्यातलं हे अंतर. आकडा मोठा तितकं चाक आत, लहान तितकं बाहेर. ऑडी याच टीटीला १९ इंची चाक देते ते ९ जे, ईटी ५२चं. त्याची बाहेरची कड हबपासून सुमारे ६२ मिलिमीटरवर येते. भावाचं पुढचं चाक साडेआठ जे, ईटी ३३, म्हणजे ७५. त्यात अ‍ॅडॉप्टरचे २० घातले की ९५. चाक फेंडरकडे ३३ मिलिमीटर सरकलं. हाताच्या दोन बोटांची रुंदी. मागच्या चाकांचं गणितही याच वळणाचं, २८ मिलिमीटर बाहेर. एवढ्याने टायर फेंडरच्या बाहेर डोकावतो, चिखल थेट दारावर उडतो, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि खड्डा आला की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. आणि आपल्या रस्त्यावर खड्डा यायचाच.

दुसरं, आणि क्वात्रोवाल्यासाठी खरं महत्त्वाचं, व्यास. हे गणित कागदावर करायला दोन मिनिटं लागतात आणि दुकानात कुणी करत नाही. टायरची रुंदी गुणिले टक्का म्हणजे भिंतीची उंची. ती दोनदा धरायची, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवायचे. तुझा आत्ताचा टायर: २४५चे ४० टक्के ९८, दोनदा १९६, अधिक ४५७. झाले ६५३ मिलिमीटर. भावाचा पुढचा: ६७९.५. मागचा: ६७३. म्हणजे तुझ्या गाडीला जे हवं त्याहून पुढे चार टक्क्यांनी मोठा, मागे तीन टक्क्यांनी, आणि पुढच्या-मागच्यात आपसात साडेसहा मिलिमीटरचा फरक. तू पुढचे दोन्ही टायर नवे टाकले असतेस तर जो त्रास झाला असता, जवळपास तोच तू सव्वा लाख देऊन चारही टायरसकट विकत घेतोयस. फरक एवढाच की झिजलेला टायर उद्या बदलता येतो, ही गडबड टायरच्या मापातच आहे. ठाण्याहून पुणं दीडशे किलोमीटर धर. तिथे पोचेपर्यंत मागची चाकं पुढच्यांपेक्षा साडेसहाशेच्या वर फेरे जास्त फिरलेली असतील.

'मग भावाच्या गाडीला कसं चालत होतं?' हा प्रश्न तुझ्या मनात आला असेल. त्याची ५ सिरीज मागच्या चाकांवर चालणारी असणार, पुढचा अ‍ॅक्सल इंजिनला जोडलेलाच नाही. तिथे पुढे २४५, मागे २७५, व्यास थोडे कमीजास्त, कुणाची हरकत नाही. ऑल-व्हील-ड्राइव्हवर पुढे-मागे वेगळी मापं चालतच नाहीत असंही नाही. निसान जीटी-आर घे: पुढे २५५/४० आर २०, मागे २८५/३५ आर २०, आणि चारही चाकं ओढणारी. पण तिथले व्यास काढ: ७१२ आणि ७०७.५. रुंदीत ३० मिलिमीटरचा फरक असून व्यासात साडेचारच, आणि तो धरूनच तिच्या इंजिनिअरांनी पुढचं सगळं आखलेलं. ही मोकळीक गाडी बनवणाऱ्याला असते. अ‍ॅडॉप्टर विकणाऱ्याला नसते.

चाक चार टक्क्यांनी मोठं म्हणजे स्पीडोमीटरही तेवढा कमी दाखवणार. कंपन्या तो मुद्दाम थोडा पुढे ठेवतात म्हणून लगेच चलन येणार नाही, पण अटल सेतूवर १००ची मर्यादा काट्यावर पाळणाऱ्याची ती उशी गेली.

'ग्रिप डबल' या वाक्यावर मात्र मला जरा थांबायचंय, कारण हे मी फार ऐकते आणि हे धोक्याचं आहे. क्वात्रो ताकद वाटते. सिग्नल सुटल्यावर, ओल्या चढावर, वळणातून बाहेर पडताना तिचा उपयोग दिसतो. ब्रेक मारताना मात्र स्विफ्टला चार टायर आणि टीटीलाही चारच. पकड येते ती रबराच्या मिश्रणातून, हवेच्या दाबातून आणि खाचांतून. उरलेल्या खाचांत पाणी मावलं नाही की टायर त्यावर तरंगतो. तसाच ट्रेड आणि तोच दाब असलेला रुंद टायर हे अरुंदाच्या आधी करतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारायचं असतं. जुलैत मानपाड्याच्या आसपास डाव्या लेनमध्ये पाणी साचलेलं असतं तेव्हा २७५चा टायर तुझ्या बाजूने नाही. कायद्याने १.६ मिलिमीटर ट्रेडपर्यंत टायर चालतो. पावसाळ्यात त्या आकड्यापर्यंत वाट बघणाऱ्याला मी तरी धाडसी म्हणेन.

आणि ते जुने टायर. 'पडून आहेत' असं तू लिहिलंस, ते मला आवडलं नाही. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: ३२१८ असेल तर २०१८च्या बत्तिसाव्या आठवड्यातला माल. ट्रेड कितीही दिसू दे, इतक्या जुन्या रबराला पावसात पकड नसते. बीएमडब्ल्यूचे म्हणून ते रन-फ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) निघाले तर आणखीच कडक आणि जड.

तुझं समजा वीस इंचांवरच मन बसलंय. मग बरोबर माप कोणतं? २४५/३० आर २०, व्यास ६५५, टीटीला चालणारा. पण भिंत उरली साडेत्र्याहत्तर मिलिमीटर. आत्ता ९८ आहे आणि त्या ९८लाही गायमुखला फुगा आला. घोडबंदर रोडवर तू रोज जातोस, तुला मी काय सांगणार: मेट्रोच्या कामाने उखडलेले पट्टे, मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोडमधली पायरी, पेव्हर ब्लॉकच्या कडा, पाण्याखाली गेलेलं चेंबरचं झाकण. नेरुळहून पाम बीचने वाशीला जाणाऱ्याच्या रिमा टिकतात, त्यात तुझ्या भावाचं कौतुक थोडं आणि रस्त्याचं जास्त. भार सोसण्याचा आकडाही बघावा लागतो. टायरवर ९३ लिहिलं असेल तर एका टायरला ६५० किलो, ९० असेल तर ६००. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जे माप आणि दाब आहे त्याच्या खाली उतरायचं नाही.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: १८वरच राहा. चार नवे चांगले टायर, २४५/४० आर १८, भार आणि वेगाचा आकडा कंपनीएवढा किंवा वर. चाकंही बदलायचीच असतील तर १८ इंचांचीच, पण वजनाने हलकी घे. विकणारा वजन सांगत नसेल तर भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघ, लाजायचं काय त्यात. स्प्रिंगच्या खालचं वजन कमी झालं की गाडी खड्ड्यातून लवकर सावरते, पळते हलकी, थांबतेही चटकन. दिसायला मोठं हवं असेल तर १९ला जाता येईल: २४५/३५ आर १९, व्यास ६५४. हे माप ऑडी स्वतः टीटीला देते, तेव्हा बसेल का, घासेल का, ही भानगडच नाही. भिंत ८६ मिलिमीटर. ठाण्यात राहणाऱ्याने ही शेवटची पायरी समजावी. रिमचे इंच वाढवायचे तर वाढव, टायरचा बाहेरचा घेर तेवढाच राहिला पाहिजे. क्वात्रोवर याला सवलत नाही.

बाजारात ५×११२ची चाकं पुष्कळ मिळतील, मर्सिडीजचीही त्याच पीसीडीची असतात. पण त्यांचं मधलं भोक ६६.६चं. तिथे ५७.१ची हब रिंग घालावीच लागते, नाहीतर चाकाचं मध्य बोल्टवरच अवलंबून राहतं आणि ऐंशीच्या पुढे थरथर सुरू होते. बोल्टचं तर फारच कमी लोक बघतात. ऑडीच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, बाहेरच्या बऱ्याच अलॉयची शंकूच्या आकाराची. गोल बोल्ट शंकूच्या खड्ड्यात आवळला तर तो आवळल्यासारखा वाटतो, बसत मात्र एका बारीक रेघेवर. म्हणून चाकाबरोबर त्याच बैठकीचे बोल्ट माग. बसवण्याआधी एक काम स्वतः कर: कंपनीचा बोल्ट कंपनीच्या चाकातून हाताने फिरवून किती फेरे आत जातो ते मोज, नव्या चाकातून नवा बोल्ट किमान तितके फेरे गेला पाहिजे. आवळायचे १२० न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने. एअर गनने 'टर्र' करून झालं म्हणणाऱ्याला हात जोडून थांबव. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क तपास.

चाक बसल्यावर घासतंय का हे कानाने नाही, खडूने कळतं. शाळेचा पांढरा खडू घे, टायरच्या दोन्ही खांद्यांवर गोल फिरवून जाड पट्टा ओढ. मागे दोन माणसं बसव (टीटीच्या मागच्या सीटवर माणसं बसवणं हीच एक परीक्षा आहे, लहान चणीचे भाचे पकड), स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव, सोसायटीच्या रॅम्पवरून तिरकं उतर, एखादा स्पीडब्रेकर हळू ओलांड. मग टॉर्च घेऊन फेंडरच्या आत बघ. लायनरवर पांढरं उमटलं असेल तिथे टायर लागतोय. जुन्या चाकांवरही आधी एकदा हेच करून ठेव, म्हणजे तुलना कशाशी करायची ते कळेल.

आणि नवे टायर बसले की चौघांचा घेर मोजून वहीत लिहून ठेव. त्याला शिंप्याची टेप पुरत नाही. ती दीड मीटरची, आणि तुझ्या टायरचा घेर दोन मीटरच्या वर. न ताणली जाणारी सुतळी ट्रेडच्या मधोमध गुंडाळ, जिथे टोक जुळेल तिथे पेनाने खूण कर, मग ती जमिनीवर पसरून सुताराच्या टेपने मोज. चारही टायरमध्ये दाब सारखा हवा, नाहीतर मोजून काही उपयोग नाही. मापं जवळजवळ सारखी आली पाहिजेत. टायर ठरावीक अंतराने पुढचे मागे फिरवत राहिलास तर ती तशीच राहतील. टीटीचे पुढचे लवकर झिजतात, हेही त्यात आलं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीनेच त्या मॉडेलला दिलेल्या मापात राहिलास तर कुणी बोट ठेवायचं कारण नाही. फेंडरबाहेर आलेली चाकं मात्र नाक्यावरच्या हवालदाराला लांबूनच दिसतात. विम्याचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काहीच मिळत नाही. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे निम्मे पैसे. चाकं बदलणार असशील तर विमा कंपनीला आधी लेखी कळव आणि टायर-रिमचं वेगळं कव्हर देतात का ते विचार. अ‍ॅडॉप्टरवर बसवलेल्या चाकाने अपघात झाला तर सर्व्हेअर पहिल्यांदा तिथेच वाकून बघेल.

अनोळखी मापाच्या नादी न लागण्याचं आणखी एक कारण: जून २०२०मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून आडमापाचा एक टायर फुटला की जोडीचा शोधत बसावं लागतं, आणि तुझ्या गाडीत एकट्या टायरचं काय होतं ते वर सांगितलंच.

तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस: हॅल्डेक्सचं तेल शेवटचं कधी बदललं? सेकंड हँड टीटीच्या सर्व्हिस पुस्तिकेत इंजिन ऑइलच्या नोंदी असतात, याची बहुतेकदा नसते. साधारण तीन वर्षांनी ते बदलायचं असतं. त्या वेळी पंप काढून त्याची जाळीही साफ करून घ्यायची, कारण प्लेट्सचा चुरा तिथे अडकतो, पंप गुदमरतो आणि एक दिवस मागची चाकं ताकद घेणं बंद करतात. डॅशबोर्डवर लगेच दिवा लागेलच असं नाही. गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालत राहते आणि मालक ग्रिप डबल समजत राहतो. टीटी आता बनतही नाही, नोव्हेंबर २०२३मध्ये हंगेरीतल्या ग्योरच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. पार्ट दिवसेंदिवस महागच होणार. सव्वा लाखातला पहिला खर्च या तेलावर कर, दुसरा चार टायरवर, मग अलाइनमेंट. उरले तर हौस.

राहिला बयाणा. भावाला सरळ फोन कर आणि पीसीडी जुळत नाही म्हणून सांग. ५×१२०ला ५×११२, एवढं बोललास की गाडीवाल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. त्या मापाची चाकं दुसऱ्या जुन्या ५ सिरीजवाल्याला सहज खपतील. हवं तर गिऱ्हाईक शोधायला तू मदत कर, आणि तोवर २५ हजार त्याच्याकडे राहू देत. मावशीला यात आणू नकोस. आणि बाबांना म्हणावं, या वेळी बरोबर होतात.

तुझी,
ताई